रुळाकाठचं गाव : एचओ लेआउटवर स्टेशन, फाटक आणि गुऱ्हाळ

मॉडेल रेल्वेच्या लेआउटवर, म्हणजे फळीवर मांडलेल्या छोट्या रेल्वेवर, गाडी बिनतक्रार फिरायला लागली की हात इमारतींकडे वळतात, आणि बहुतेकांची गडबड इथेच होते. बाजारात मिळणारे संच जर्मन नाहीतर इंग्लिश खेड्यांचे. घरं सुबक असतात, पण त्यांच्यासमोरून महालक्ष्मी एक्सप्रेस धावली की डोळ्याला खटकतं. म्हणून मिरज-कोल्हापूर मार्गाच्या धाटणीचा छोटा तुकडा स्वतःच्या हातांनी कसा उभारायचा, ते इथे मापांसकट दिलं आहे. स्टेशन काल्पनिक आहे. वळिवडे, रुकडी, हातकणंगले या पट्ट्यात कुठेही शोभेल असं. फळी ४ फूट बाय दीड फूट, प्रमाण १:८७, म्हणजेच एचओ.

पुढचं सगळं एका गोष्टीवर उभं आहे. इमारत निवडण्याआधी वेळ निवडायची: कोणतं वर्ष, कोणता महिना, सकाळचे किती वाजलेत. वेळ ठरली की त्या वेळी माणसं कोणतं काम करत असतात ते ठरतं, आणि कामावरून इमारत ठरते. उलट क्रमाने गेलं तर इमारती देखण्या होतात, पण त्यांत कुणी राहतंय असं वाटत नाही. आपण वेळ धरू या १९९० च्या आसपासच्या जानेवारीतली, सकाळी साडेआठची. ऊसतोड जोरात आहे, गुऱ्हाळ पेटलंय, दुधाचे कॅन फलाटावर आलेत आणि पॅसेंजर यायची आहे.

काळ का ठरवायचा

कोल्हापूरला रेल्वे आली १८९१ साली, मीटरगेजवर, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर ठेवून. १९७१ मध्ये मार्ग ब्रॉडगेज झाला. आता वर विजेची तार आहे. या तीन काळांची रुळाकाठची दुनिया वेगवेगळी. मीटरगेज करायचं तर १२ मिलीमीटरचे रूळ लागतात, वायपी-वायजी जातीची वाफेची इंजिनं लागतात, आणि पाण्याचा खांब, कोळशाचा ढीग, वर-खाली होणाऱ्या हाताचे सिग्नल हे सगळं ओघाने येतं. आजचा काळ करायचा तर रुळाच्या मध्यापासून ३२ मिलीमीटरवर खांब आणि रुळाच्या डोक्यापासून ६४ मिलीमीटर उंचीवर तार हवी. खऱ्या मार्गावर दोन खांबांत जास्तीत जास्त ७२ मीटर अंतर असतं, म्हणजे मॉडेलवर ८२८ मिलीमीटर. छोट्या फळीवर ते ३५० पर्यंत आणलं तरी चालतं. पहिल्याच लेआउटला मात्र मधला, डिझेलचा काळ घ्यावा. तारेत हात अडकत नाही, रूळ पुसता येतात आणि आयसीएफ डब्यांचा (चेन्नईच्या कारखान्याचे जुन्या बनावटीचे डबे) तांबडा रंग काळ्या दगडासमोर फार खुलतो.

गेजबद्दल थोडं. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलीमीटरचं, म्हणजे या प्रमाणात १९.३ मिलीमीटर. बाजारातला एचओ रूळ १६.५ चा. बहुतेक जण डबे बरोबर मापाचे ठेवतात आणि रूळ थोडा अरुंद सोसतात. तेच शहाणपणाचं आहे. खडी स्लीपरच्या टोकांपुढे दोन मिलीमीटर जास्त पसरली की फरक सहसा जाणवत नाही.

मापं घ्यायची कशी

रुळावर जाऊन टेप लावायची नाही. १९८९ च्या रेल्वे कायद्याचं कलम १४७ विनापरवाना प्रवेशाबद्दलच आहे, आणि त्याहून मोठी गोष्ट जिवाची. रस्त्यावरून, फाटकाबाहेरून समोरासमोर फोटो घ्या आणि फोटोतच मोजपट्टी शोधा. आयसीएफ डबा २१.३ मीटर लांब असतो. तो इमारतीसमोर उभा असेल तर इमारतीची लांबी लगेच निघते. विटांची भिंत असेल तर थर मोजा. जुनी वीट ९ बाय साडेचार बाय ३ इंचाची, मसाल्यासकट चार थरांचे साधारण १३ इंच होतात. दरवाजा ७ फूट. एवढ्यावर कोणतीही गुमटी कागदावर उतरवता येते.

नेहमी लागणारे आकडे पाठ असलेले बरे. साडेपाच फुटी माणूस १९ मिलीमीटर. दरवाजा २४. खिडकीचा उंबरठा जमिनीपासून १०, खिडकी १४ बाय १०. दोन फुटी शहाबादी फरशी ७ बाय ७. पत्र्याची ८ फुटी शीट २८ लांब. उभा ऊस ३५.

मग लग्नपत्रिकांच्या जाड कागदाचे साधे खोके करून फळीवर ठेवा आणि चार-पाच दिवस तसेच राहू द्या. बसून बघा, उभं राहून बघा. जवळजवळ प्रत्येक इमारत मागेपुढे सरकवावीशी वाटते, आणि खोकं सरकवायला काहीच पडत नाही. रूळ फळीच्या कडेला समांतर ठेवू नका. डावीकडे पुढच्या कडेपासून १३० आणि उजवीकडे १६० मिलीमीटर एवढा तिरपेपणा पुरतो. समांतर रुळामुळे लगेच टेबल दिसतं, गाव दिसत नाही. इमारती रुळामागे, आणि पुढच्या पट्ट्यात तोडलेला ऊस, पाऊलवाट, चर अशा बुटक्या गोष्टी.

सगळ्यात लांब डबा हाताने फिरवून अंतर तपासायला विसरू नका. डब्याची निम्मी रुंदी १८.७ मिलीमीटर आहे, त्यामुळे सरळ रुळावर फलाटाची कड रुळाच्या मध्यापासून २१ वर हवी. खऱ्या मापाने ती साधारण १९.२ वर येते, पण एवढी जवळ ठेवली की डबा जरा हलला तरी कड घासते. वळणावर गणित बदलतं. ४५७ मिलीमीटर त्रिज्येच्या वळणावर आयसीएफ डब्याचं पोट आतल्या बाजूला ८ मिलीमीटर येतं आणि टोकं बाहेर साडेआठ जातात. एलएचबी डबा (नव्या बनावटीचा, जास्त लांब) असेल तर टोकं १२ पर्यंत जातात. म्हणजे आतल्या बाजूचा फलाट २८ वर, बाहेरचा ३० वर, आणि एलएचबी चालवणार असाल तर बाहेरचा ३३ वर. फलाट चिकटवल्यावर हे कळलं तर अख्खी कड तासावी लागते.

फलाट

खेड्यातल्या स्टेशनचा फलाट त्या काळी बहुधा बुटका असायचा. रुळाच्या डोक्यापासून ४५५ मिलीमीटर, म्हणजे मॉडेलवर ५. उंच फलाट ७६० ते ८४० चा; मॉडेलवर ९ ते साडेनऊ. आपण बुटका घेऊ. ३ मिलीमीटर कॉर्क आणि त्यावर ५ मिलीमीटरचा रूळ धरला तर फळीपासून फलाटाची उंची १३ हवी. ५ मिलीमीटर सनबोर्डचे (हलक्या फोमच्या बोर्डाचे) दोन थर आणि ३ चा एक, झाले १३. दोन्ही टोकांना उतार १:६ ठेवा, म्हणजे रुळाच्या डोक्यापर्यंतच्या ५ मिलीमीटरला ३० लांबीचा उतार.

पृष्ठभाग अख्खा फरशीचा करू नका. इमारतीसमोरचा १५० मिलीमीटर भाग फरशीचा, बाकी मुरूम. कडेचा दगड ५ मिलीमीटर रुंद. नावाची पाटी पिवळी, अक्षरं काळी, दोन लोखंडी खांबांवर, फलाटाच्या दोन्ही टोकांना. पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंचीही घाला. ते आकडे वाचता येणार नाहीत, पण ती ओळ नसेल तर पाटी खोटी वाटते.

काळ्या दगडाची स्टेशन इमारत

इमारत १४० बाय ६५ मिलीमीटर, भिंत ४५ उंच. भिंती ३ मिलीमीटर सनबोर्डच्या. सनबोर्डची गुळगुळीत साल १२० नंबरच्या पॉलिश पेपरने आधी घासून घ्या, नाहीतर पुट्टीची खपली सुटते. तीन चमचे वॉल पुट्टी, अर्धा चमचा फेविकॉल आणि घट्ट दह्याइतपत होईल एवढं पाणी. हा लेप जुन्या एटीएम कार्डाने १ मिलीमीटर जाड ओढायचा. दोन मिलीमीटरच्या वर गेला की वाळताना भेगा पडतात. आणखी एक, वाळताना पुट्टी आकसते आणि भिंत त्या बाजूला वाकते. म्हणून लगेच आतल्या बाजूलाही पातळ हात मारा किंवा फेविकॉलने कागद चिकटवा. दोन्ही बाजूंचा ताण सारखा झाला की भिंत सरळ राहते.

जानेवारीच्या कोरड्या हवेत ४० ते ६० मिनिटांनी लेप कोरण्याजोगा होतो. नखाने दाबलं तर खूण उमटावी, पण नखाला काही लागू नये. आता बोथट सुईने आडवे थर साडेतीन मिलीमीटर अंतराने आखा. उभे सांधे ५ ते ८ मिलीमीटरवर, आणि एका थराचा सांधा खालच्या सांध्यावर कधीही येऊ द्यायचा नाही. कोपऱ्याचे दगड लांब, एक आड एक दिशेने. दारा-खिडक्यांवर कमानीचे पाच किंवा सात दगड, मधला किंचित मोठा. रात्रभर वाळू द्या.

रंगाच्या बाबतीत बहुतेक जण फसतात ते नावामुळे. काळा दगड काळा नसतो. पावसात भिजलेला असेल तर काळा दिसतो. जानेवारीत, सकाळच्या उन्हात तो निळसर करडा असतो आणि कुठेकुठे तपकिरी झाक मारतो. एक भाग काळा, तीन भाग पांढरा आणि ब्रशच्या टोकावर मावेल एवढा तपकिरी, हा पाया. मग दर पाचातला एक दगड थोडा गडद, दर बारातला एक तपकिरी. शेवटी पातळ केलेली फिकी राखाडी पुट्टी सांध्यांवर फिरवून ओल्या फडक्याने वरवर पुसायची. चुना सांध्यात बसतो, दगड मोकळे होतात. भिंतीच्या खालच्या ४ मिलीमीटरला मातीचा हात द्या. पावसाळ्यात उडालेला चिखल तिथे वर्षभर राहतो.

छप्पर मंगलोरी कौलांचं. त्यासाठी बल्बच्या किंवा सौंदर्यप्रसाधनांच्या खोक्यात येतो तो बारीक नळीचा पुठ्ठा घ्या, नळीचं अंतर अडीच ते तीन मिलीमीटर. वरचा कागद ओला करून सोलला की पन्हळी दिसतात. पुठ्ठा वाळल्यावर पातळ फेविकॉलचा हात द्या, तो वाळू द्या, आणि मगच नव्या पात्याने पन्हळीला आडव्या साडेचार मिलीमीटरच्या पट्ट्या कापा. फेविकॉल न लावता कापलं की पन्हळी चपट्या होतात. पट्ट्या पाखाच्या खालच्या कडेपासून वर लावत जायच्या, प्रत्येकीचा ३.७ मिलीमीटर भाग उघडा. तीस अंशांचा उतार आणि ८ मिलीमीटर वळचण धरली तर एका बाजूला १३ पट्ट्या बसतात. रंग वीटकरी. चार-सहा कौलं नव्या नारिंगी रंगाची, कारण माकडं आणि वारा दरवर्षी थोडी फोडतातच. वळचणीजवळ आणि मोरीवर काळपट शेवाळ.

पत्रा, उद्यमनगरच्या पद्धतीने

तयार पन्हळी पत्रा महाग पडतो आणि बहुधा जाड असतो. खऱ्या पत्र्याच्या पन्हळीचं अंतर ७६ मिलीमीटर, म्हणजे इथे ०.८७. आता एम ५ (५ मिलीमीटर जाड) आट्याच्या रॉडचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, ०.८ मिलीमीटर असतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, म्हणजे कारखान्यांच्या भागात, फूटभर थ्रेडेड रॉड सहज मिळतो, आणि तोच आपला साचा. खाण्याच्या पार्सलचा ॲल्युमिनियमचा डबा कापून सपाट करा, सायकल ट्यूबच्या तुकड्यावर ठेवा आणि रॉड तळहातांनी जोर देऊन एकदाच लाटा. मागेपुढे केलं की दुसरी ओळ पहिलीवर बसत नाही. आटा तिरका असल्यामुळे पन्हळी लाटण्याच्या दिशेला सुमारे तीन अंश तिरक्या उमटतात. त्यामुळे शीट कापताना डब्याची कड धरायची नाही, पन्हळीलाच गुण्या लावायचा. शीटची रुंदी १०, लांबी २८, आणि शेजारच्या शीटवर एक पन्हळ चढवायची. अख्खं छप्पर एकाच मोठ्या तुकड्याचं केलं तर ते पुठ्ठ्याचं वाटतं. सुट्या शीट, त्यातली एक जरा सरकलेली, दोन गंजलेल्या, आणि उडू नये म्हणून वर ठेवलेले चार दगड, तेव्हा तो पत्रा होतो.

गुऱ्हाळ

या लेआउटचा जीव इथे आहे, म्हणून वेळ द्या. या मार्गावर कोल्हापूरच्या उंबऱ्याशी गूळ मार्केट नावाचं स्टेशनच आहे. गुऱ्हाळ रुळाकाठी असायला याहून वेगळं कारण लागत नाही.

आधी काम समजून घ्या. उसाची गाडी एका बाजूने येते. घाण्यात ऊस पिळला जातो, रस काहिलीत जातो, चिपाड बाहेर पसरून वाळतं आणि तेच चुलवाणात जळतं. काहिलीजवळ गुळव्या मळी काढतो, ढवळतो, पाक ओळखतो. मग गूळ थंड करायला ओततात आणि ढेपा भरतात. म्हणजे ऊस, घाणा, काहील, ढेपा अशी एक रेषा आहे आणि तिला आडवा येणारा चिपाडाचा फेरा. इमारतीचा आराखडा हाच. चुलवाणाचं तोंड काहिलीच्या पलीकडच्या बाजूला, जमिनीपेक्षा खाली खड्ड्यात. जाळ घालणारा माणूस आणि गुळव्या एकमेकांना नीट दिसतही नाहीत, हाकेवर काम चालतं. मॉडेलमध्ये काहील आणि जाळाचं तोंड एकाच बाजूला काढलं तर ज्याने गुऱ्हाळ पाहिलंय त्याला ते लगेच कळतं.

शेड १३० बाय ८० मिलीमीटर, तीन बाजूंनी उघडी. खांब तीन मिलीमीटरच्या बांबूच्या काड्यांचे, ४० उंच. वर मघाचा पत्रा, आणि कळसाशी वाफ जायला ८ मिलीमीटर उंच दुसरं छोटं छप्पर. काहील म्हणजे थंड पेयाच्या बाटलीचं झाकण. त्याचा व्यास साधारण ३० मिलीमीटर, खऱ्या मापात २.६ मीटर, बरोबर बसतो. झाकण ६ मिलीमीटर उंचीवर कापा, बाहेरचे खाचे घासून टाका, काळा रंग द्या, कड चकचकीत लोखंडी ठेवा. आत दोन मिलीमीटर पारदर्शक इपॉक्सी, त्यात मधाचा रंग येईल इतपत पिवळा आणि तपकिरी. इपॉक्सी घट्ट होता होता काडीने फेस उठवायचा. पूर्ण पातळ असताना ढवळलं तर पृष्ठभाग पुन्हा सपाट होतो, म्हणून मिश्रणाची तार सुटायला लागण्याची वाट बघा. कडेला पांढरट फेसाचा पट्टा, मध्ये उकळीचे उंचवटे.

वाफेसाठी कापूस लावू नका. पहिल्या दिवशी बरा दिसतो, महिन्याने धूळ धरतो. त्यापेक्षा छपराच्या आतल्या बाजूला, काहिलीच्या बरोबर वर, ओलसर काळपट डाग द्या आणि तिथला पत्रा जास्त गंजवा. वाफ न दाखवता वाफ दिसते.

धुराडं ८ मिलीमीटर नळीचं, ८० उंच, वरचा तिसरा भाग काजळलेला. तीन बाजूंना ०.३ मिलीमीटर तारेचे ताण. चुलवाणाच्या तोंडात एक पिवळा आणि एक तांबडा एलईडी, तांबडा फडफडणारा. समोर चिपाडाचा ढीग. चिपाडासाठी नारळाच्या काथ्याचे ५ ते १० मिलीमीटरचे तुकडे, पांढरट रंगाच्या पातळ पाण्यात बुडवून वाळवलेले. अंगणात ते एका थरात पसरा. घाण्याजवळचं ओलं म्हणून हिरवट, चुलीजवळचं वाळलेलं म्हणून फिकट. हा एवढा रंगफरक केला की काम कुठून कुठे चाललंय ते बघणाऱ्याला न सांगता कळतं. ढेपा एअर-ड्राय मातीच्या, खाली ३ आणि वर ४ मिलीमीटर व्यासाच्या, सोनेरी पिवळ्या. वीस-पंचवीस पुरेत.

खरा गूळ, साखर किंवा चहापूड लेआउटवर कुठेही वापरू नका. मुंग्या येतात, आणि मागोमाग बुरशी. खळीलाही हेच लागू. तिला कसर लागते.

ऊस, गाडी आणि माती

उभ्या उसाचा पट्टा मागच्या कडेला ३०० बाय ८० मिलीमीटर. सरी १४ मिलीमीटरवर, म्हणजे सहा ओळी. एका ओळीत दर ४ मिलीमीटरला एक बुडखा धरला तर साडेचारशे लागतात. पुढच्या दोन ओळी मन लावून करा, मागच्या चार नुसत्या हिरव्या ब्रशच्या केसांच्या. पुढच्यांसाठी फुलझाडूच्या बारीक काड्या, ३५ मिलीमीटर कापलेल्या, वर कागदाच्या लांब पात्यांचे झुपके. जानेवारीत काही उसांना तुरा असतो. दहातल्या एकाला फिका राखाडी तुरा द्या, जास्त नको.

तोडलेल्या बाजूला पाचट पसरलेलं, मोळ्या बांधलेल्या. मोळी म्हणजे २६ मिलीमीटर लांबीच्या वीसेक काड्या, एका काडीनेच बांधलेल्या. वाढं वेगळं रचा, ते जनावरांसाठी जातं. रस्त्यावर टायरची बैलगाडी आणि दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, दोन्ही या काळात बरोबर. ट्रॉलीच्या मागच्या बाजूने ऊस थोडा बाहेर आलेला, रस्त्यावर चार-पाच कांड्या पडलेल्या. एसटी दाखवायची तर लाल.

जमीन म्हणजे पंचगंगेकाठची काळी माती. खरी माती वापरता येते, पण आधी लोखंडी तव्यावर वीस मिनिटं परतून घ्या. बी आणि किडे मरतात. मग चहाच्या गाळणीतून आणि नंतर ओढणीच्या कापडातून चाळा. वाळलेल्या मातीचा रंग मॉडेलवर खऱ्यापेक्षा गडद दिसतो, म्हणून चौथा भाग फिकी पुट्टी मिसळा.

खडीची गोष्ट वेगळी. क्रशरवरची बारीक कच चाळून अर्धा ते पाऊण मिलीमीटरची घ्यायची. ६५ मिलीमीटरची खरी खडी या प्रमाणात तेवढीच होते. पण आपला दगड बेसॉल्ट आहे, त्यात चुंबकाला लागणारे कण असतात. ते सुटले तर इंजिनाच्या मोटरमध्ये आणि गिअरमध्ये जाऊन बसतात. जुन्या स्पीकरचं चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पसरलेल्या कचीवरून तीन-चार वेळा फिरवा. जे उडी मारून चिकटेल ते टाकून द्या.

खडी कोरडी पसरून ब्रशने बसवा, पाण्याचा बारीक फवारा मारा, आणि मग एक भाग फेविकॉल, तीन भाग पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब हे मिश्रण ड्रॉपरने सोडा. लिक्विड नसेल तर थेंब वरच गोळा होतो आणि खडी वाहून नेतो. गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जाते त्या सांध्यांच्या हलत्या पात्यांजवळ ४० मिलीमीटर अंतर कोरडंच ठेवा. तिथे खडी आधी कार्डावर चिकटवून कापून बसवा.

फाटक

हे लवकर होतं. गुमटी २५ बाय २५ मिलीमीटर, भिंत ३० उंच, वर सपाट स्लॅब. दांडी गावरस्त्याला ५५ मिलीमीटर पुरते, मध्ये तांबडी तबकडी. रुळांमधला रस्ता रुळाच्या डोक्यापेक्षा अर्धा मिलीमीटर खाली ठेवा. बरोबरीत ठेवला तर रूळ पुसायचं रबर रस्त्याचा रंग काढतं, आणि वर गेला तर इंजिन उचललं जातं. चाकाच्या कडेसाठी रुळालगत आतून दीड मिलीमीटर फट. ‘सी/फा’ (सीटी/फाटक) लिहिलेली पिवळी पाटी खऱ्या मार्गावर फाटकापासून कित्येक शे मीटर दूर असते. इथे ती फळीच्या अगदी कडेला लावा. गुमटीशी पाण्याचा माठ, दोन झेंड्या, हातकंदील आणि तुळशीचं रोप.

माणसं

एकतीस माणसं पुरतात: गुऱ्हाळात नऊ, शेतात सात, फलाटावर आठ, चहाच्या टपरीवर चार, फाटकात तीन. रंग न दिलेले आकडे शंभराच्या पाकिटात स्वस्त मिळतात, पण एचओ म्हणून बऱ्याचदा १:१०० चे येतात. उभा माणूस मोजा, १९ ते २० भरला पाहिजे. १७ भरला तर तो मागच्या कडेला, उसाजवळ ठेवा, लांबचा वाटतो.

पोशाख बदलता येतो. फेटा म्हणजे शिलाईचा दोरा फेविकॉलमध्ये बुडवून डोक्याला तीन वेढे, शेवट मागे सोडलेला. टोपी म्हणजे पुट्टीचा एक थेंब, दोन बाजूंनी चिमटलेला. लुगड्यासाठी टिश्यू पेपरचा एक पदर सुटा करून १५ बाय १० मिलीमीटर तुकडा, पातळ फेविकॉलने कमरेभोवती, पदर डोक्यावरून. पँटवाल्या आकृतीला धोतर करायचं तर पायांमध्ये पुट्टी भरून सुईने चुण्या काढा. बुटांना पायाचा रंग द्या आणि खाली एक तपकिरी रेघ ओढा, चपला झाल्या. मॅट वार्निशशिवाय ठेवू नका. चकाकणारी माणसं खेळण्यातली वाटतात.

मांडताना एकच नियम पाळा. प्रत्येक जण कशाकडे तरी बघत असला पाहिजे. फलाटावर दोघे दुधाच्या साडेसहा मिलीमीटरच्या कॅनशी, एक बाई मुलाला घेऊन सावलीत, तिघे मिरजेच्या दिशेला मान वळवून. टपरीवर पिवळा एसटीडी बोर्ड आणि त्याखाली फोनची वाट बघणारा एक जण. पळणारी आकृती टाळा. गाडी थांबली की तो तसाच हवेत राहतो. पाय नुसते चिकटवले तर धक्क्याने सुटतात, त्यासाठी पायात ०.५ मिलीमीटरचं छिद्र करून तारेचा तुकडा बसवा.

उजेड

साडेआठचं ऊन तिरकं असतं. हा मार्ग साधारण पूर्व-पश्चिम आहे. बघणारा दक्षिणेला उभा असं धरलं तर मिरज उजवीकडे येते आणि हिवाळ्यातला सूर्य उजव्या हाताला, पुढच्या अंगाने. खोलीतला मुख्य दिवा त्याच बाजूला, फळीपासून दोन-अडीच फूट वर लावा. छतावरच्या एका ट्यूबखाली बारा वाजल्यासारखं दिसतं आणि दगडाची सगळी मेहनत सपाट होते.

संध्याकाळी चालवायचं असेल तर इमारतींना वेगळा १२ व्होल्टचा ॲडॉप्टर ठेवा, रुळाच्या विजेवर दिवे लावू नका. पांढऱ्या एलईडीला १ किलोओमचा रोध लावला तर ९ मिलीॲम्पिअर जातो आणि खोली हॅलोजनसारखी पेटते. ४.७ किलोओम लावा, २ मिलीॲम्पिअरच्या आत राहतो आणि चाळीसच्या बल्बचा मंद उजेड मिळतो. भिंती आतून काळ्या रंगवा, नाहीतर सनबोर्ड आरपार उजळतो.

पावसाळा

जून ते सप्टेंबर कोल्हापुरात पुठ्ठा ओल पितो, एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड) कडेने फुगतो. एमडीएफच्या कडांना जोडणीआधी सँडिंग सीलरचे दोन हात, पुठ्ठ्याच्या कौलांना आतून-बाहेरून वार्निश. फळी भिंतीपासून चार इंच दूर. इमारती फळीला कायमच्या चिकटवू नका. खाली दोन खिळ्यांवर बसवल्या की पावसाळ्यापुरत्या उचलून सिलिका जेलच्या पाकिटांसह झाकणाच्या डब्यात ठेवता येतात. थर्माकोलच्या टेकड्यांजवळ फेविक्विक आणि स्प्रे रंग नेऊ नका, दोन्हीने थर्माकोल विरघळतो. ऑक्टोबरात डबे उघडाल तेव्हा आधी कौलांच्या पट्ट्यांची टोकं बघा. ओल तिथून शिरते आणि उचललेली पट्टी त्याच दिवशी दाबून चिकटवली तर शेजारची सुटत नाही.